संध्याकाळी परत न येणारी : मराठी आत्मकथनांतल्या एका स्त्रीचा शोध

माझ्या आत्यानं माझ्या लेखनावर आयुष्यात एकदाच टीका केली. ती निरक्षर होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी माणदेशातल्या जात्यावरच्या ओव्यांवर एक लेख लिहिला होता. अंक हातात आल्यावर मी तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला, कारण ओव्या सांगणाऱ्या बायकांत तीही होती. तिची ओळख करून देताना मी लिहिलं होतं की, या नवऱ्यानं टाकलेल्या असून गेली चाळीस वर्षं म्हसवडला माहेरी राहतात. ती पान लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुनी टाकलं न्हाय. मी उठून आले."

अंक छापून झाला होता. दुरुस्ती करायला जागा उरली नव्हती. ही दुरुस्ती मी आता, ती गेल्यावर करतो आहे.

माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. दुकान सांभाळून, महिन्यातून एकदा एसटीनं साताऱ्याला नगर वाचनालयात जाऊन जे वाचलं तेवढंच माझं भांडवल. विद्यापीठातली समीक्षेची परिभाषा मला अवगत नाही. पण आत्याच्या त्या एका वाक्यानं मला वाचायची एक रीत दिली, आणि त्या रीतीनं मी आपल्याकडची काही गाजलेली स्त्री-आत्मकथनं पुन्हा वाचली. नवऱ्याचा जाच सोडून निघालेली बाई मराठीत कशी लिहिली गेली आहे, हा माझा विषय. त्यातही ती निघाली कशी यापेक्षा ती गेली कुठं, एवढंच मला बघायचं होतं.

आधी शब्दांचं बोलू. नवऱ्याकडून निघून आलेल्या बाईला मराठीत काय म्हणतात? टाकलेली, सोडलेली, माघारी धाडलेली, परित्यक्ता. यातल्या प्रत्येक शब्दात क्रिया करणारा नवरा आहे आणि बाई म्हणजे जिच्यावर ती क्रिया झाली ती. 'परित्यक्ता' हा संस्कृत शब्द घेऊन आपण बोलण्यात सभ्यपणा आणला, पण व्याकरण बदललं नाही. 'माघारी आली' यात क्रिया तिची आहे खरी, पण ऐकताना वाटतं, दुकानातून नेलेला माल परत आला. उरतं ते 'पळून गेली', आणि त्यात दुसरा पुरुष गृहीतच धरलेला असतो. मारहाण सोसवेना म्हणून स्वतःच्या पायांनी, एकटी निघून आलेली बाई, यासाठी एक सुटा शब्द मला सापडला नाही.

'नांदणे' हा शब्दही असाच बघण्यासारखा. गावं नांदतात, राज्यं नांदतात, जुन्या ग्रंथांत तर देवही नांदतो. लग्नाच्या संदर्भात आला की मात्र नांदायचं ते बाईनंच. पुरुष नांदवतो किंवा नांदवत नाही. 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर मुंबईच्या हायकोर्टात जो दावा लावला तो साध्या मराठीत 'बायको नांदायला येत नाही' असाच होता. लहानपणी लग्न झालेलं, सासरी कधी गेल्याच नव्हत्या. 1887 मध्ये कोर्टानं त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं. त्या तुरुंग पत्करायला तयार झाल्या. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, पुढं त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, मी पुन्हा उगाळत नाही. पण दावा चालू असताना रखमाबाईंना झोपायला आईचं आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं घर होतं, हे सहसा कुणी अधोरेखित करत नाही. बाणेदारपणाला छप्पर होतं, म्हणून तो टिकला. यानं त्यांचं मोठेपण तिळभरही कमी होत नाही.

आणखी मागं गेलं तर सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई भेटतात. नवऱ्याचा मार त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लपवलेला नाही. पण त्या अभंगांत घर सोडून निघून जायचा विचार करतो तो नवरा. बायकोची भक्ती त्याला सहन होत नाही म्हणून. मार खाणारी तिथंच राहते. निघून जाणं ही गोष्टसुद्धा पुरुषाच्याच मालकीची असल्यासारखी. जात्यावरच्या ओव्यांतही मी हेच ऐकत आलो. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या जमवल्या. त्यांतला सासुरवास सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या भागात मी ऐकलेल्या ओव्यांत सासूचा जाच आहे, भावाची वाट पाहणं आहे, विहीर तर फारच आहे. पण रस्ता नाही. उठून निघालेल्या बाईची एकही ओवी मला कुणी सांगितली नाही. आत्यानंसुद्धा नाही.

आधुनिक साहित्यात रस्ता आला, पण आपण त्याकडे पाहायचं सोडून दाराकडे बघत बसलो. मराठीत सुटकेची सर्वांत आवडती प्रतिमा कोणती? उंबरठा. जब्बार पटेलांचा 1982 सालचा 'उंबरठा' बहुतेकांनी पाहिला आहे. तो शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून केला, हे मात्र थोड्यांच्या लक्षात आहे. ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. 'बेघर' म्हणजे बाईची अवस्था: तिला घर नाही, आता कुठं जायचं? 'उंबरठा' म्हणजे एक क्षण. पाऊल उचललं, संपलं. पडद्याला क्षण लागतो, हे मान्य. पण समीक्षेनंही क्षणच उचलला, आणि पुढं ज्या बाईनं पाऊल उचललं तिचं 'धाडस' आणि 'प्रांजळपणा' वाखाणून आपण मोकळे होऊ लागलो.

शिवाय उंबरठा ही वाड्यातली, फार तर चाळीतली प्रतिमा आहे. आमच्याकडची बाई दिवसातून दहा वेळा उंबरठा ओलांडते. पाण्याला, जळणाला, शेळ्या घेऊन, दुसऱ्याच्या रानात खुरपायला. 'बनगरवाडी'त बैलाच्या जोडीला स्वतःला जुंपून घेणारी शेकूची बायको आठवा. तिला कोण उंबरठ्याचं कौतुक सांगणार? (व्यंकटेश माडगूळकर आमचे मोठे लेखक, पण 'माणदेशी माणसं'मध्ये 'तांबोळ्याची खाला' सोडली तर माणसं म्हणजे बहुतेक बाप्येच, ही माझी जुनी तक्रार आहे.) अशा बाईच्या बाबतीत घराबाहेर पडणं ही घटनाच नसते. घटना असते ती संध्याकाळी परत न येणं. दिवेलागणीला चूल पेटत नाही, शेजारीण डोकावते, मग बोभाटा होतो. तोवर ती चार कोस गेलेली असते. म्हणून या बाईची गोष्ट वाचताना दाराशी थांबून चालत नाही. त्या रात्री ती कुठं झोपली आणि दुसऱ्या दिवशी तिनं काय खाल्लं, असं विचारत पुढं जावं लागतं.

या प्रश्नानं वाचलं की हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' वेगळंच पुस्तक होतं. 'माणूस'मध्ये आधी छापून आलेलं हे आत्मकथन 1970 साली पुस्तकरूपानं आलं, शब्दांकन अरुण साधूंचं. नाव तिच्याच गाजलेल्या 1959 च्या तमाशापटाचं. चित्रपटसृष्टीतली भानगड म्हणून ते चवीनं वाचलं गेलं, पुढं त्यावर श्याम बेनेगलांनी 'भूमिका' केला. मला त्यातला एकच भाग पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो. नवऱ्याच्या जाचाला, संशयाला, पैशावरच्या कब्ज्याला विटलेली ही नटी एका ओळखीच्या माणसाबरोबर निघून जाते, आणि पोचते मराठवाड्यातल्या एका गावी, त्याच्या घरात, त्याच्या आधीच्या बायकांच्या जोडीला. तिथं खायला-प्यायला आहे, मानही आहे, पण बाहेर पडायची मुभा नाही. उंबरठा ओलांडून ती दुसऱ्या उंबरठ्याच्या आत गेली. तिथून सुटायचं तर पत्र कुणाला लिहायचं? शेवटी ती लिहिते नवऱ्यालाच, आणि तो पोलीस घेऊन येऊन तिला सोडवतो.

हा प्रसंग वाचून अनेकांनी तिला चंचल म्हटलं, आवेगी म्हटलं. मला त्यात हिशेब दिसतो. लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर राबून तिनं घर पोसलं होतं. पण जो पैसा मिळवला त्याचा व्यवहार नवऱ्याच्या हातात. राज्यभर नाव असलेल्या या बाईला हक्कानं जाऊन पडावं अशी एक खोली नव्हती. त्यामुळं तिच्या प्रत्येक पलायनाच्या शेवटी एक पुरुष उभा आहे, कारण खोल्या पुरुषांच्या मालकीच्या आहेत. पुस्तकाचं दुःख इथं आहे, दारूत किंवा प्रेमप्रकरणांत नाही, असं माझं मत आहे. तिच्या बोलण्याचा सूरही मला तेच सांगतो. ती कुणावर फारसा दोष ठेवत नाही. पुन्हापुन्हा फसलेल्या जागेचा नकाशा काढून दाखवावा तशी ती सांगत जाते.

माधवी देसाई यांच्या 'नाच गं घुमा'चं (1988) काय झालं हे अंकाच्या वाचकांना आठवत असेल. एका थोर कादंबरीकाराशी झालेल्या दुसऱ्या लग्नाची आणि त्यातून बाहेर पडण्याची ती कहाणी. चर्चा झाली ती तो लेखक खरंच असा होता का, याची. बाई राहिली बाजूला. जणू तिचं पुस्तक म्हणजे त्याच्या चरित्राला जोडलेलं पुरवणी पान. दोन वर्षांनी आलेल्या 'आहे मनोहर तरी'लाही याच चाळणीतून जावं लागलं, जरी तिथं कुणी कुणाला सोडलेलं नव्हतं. आपल्या वाचनाची ही खोड आहे: बाईनं आयुष्य लिहिलं की आपण त्यात नवरा शोधतो. मीही आत्याची ओळख नवऱ्यावरूनच लिहिली होती, तेव्हा मला यात कुणाकडं बोट दाखवायचा अधिकार नाही.

आमच्या मातीला सर्वांत जवळचं पुस्तक शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' (1986). शांताबाई मूळच्या महुदच्या, म्हणजे सांगोला तालुक्यातल्या. म्हसवडहून फार लांब नाही. 1942 पासून त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका, पुढं सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी. आटपाडीजवळच्या करगणीत जन्मलेले दलित पँथरचे अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. नवऱ्यानं, तोही मास्तरच, दुसरं लग्न केलं तेव्हा ही बाई त्या घरात सवत म्हणून राहिली नाही, माहेरी आली. पुढं संसार पुन्हा जुळलाही. एखाद्या कादंबरीकारानं या निघण्यावर तीन प्रकरणं खर्ची घातली असती. शांताबाई आपल्या सगळ्या पुस्तकासारख्याच आटोपशीर, तुटक बोलतात. भूक, शाळा, पगार, बदली, मुलं, पुन्हा भूक. वाचणाऱ्याला वाटतं बाईंना सांगता येत नाही. मला वाटतं त्यांना नेमकं काय सांगायचं ते पक्कं ठाऊक आहे. ज्या बाईला अस्पृश्य म्हणून शाळेत वेगळं बसवलं गेलं, तिला शाळेत उभं राहून शिकवायचा पगार मिळतो, ही तिच्या आयुष्यातली मोठी घटना आहे. नवऱ्याचं घर सोडणं त्या मानानं लहान. पुढं ती परत नांदायला गेली, ते पायाखाली स्वतःची जमीन असताना गेली. पुन्हा जुळलेल्या संसाराकडे पराभव म्हणून बघणाऱ्यांनी एवढा फरक करायला हवा.

इथं मला स्वतःलाच आवरायला हवं. शहरी, पांढरपेशा बाईला निघणं अवघड आणि आमच्याकडं काडीमोड, पाट यांच्या रिवाजामुळं सोपं, असं मी बरीच वर्षं समजत होतो आणि एका व्याख्यानात तसं बोललोही. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' नीट वाचलं आणि गप्प झालो. बेबीताई फलटणच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. सासरहून पळालेल्या कोवळ्या सुनांना पकडून आणून पायात लाकडाचा खोडा अडकवत, काहींची नाकं कापत, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. रिवाज होते, पण ते पंचांच्या हातात, आणि पंचांत बाई नव्हती.

त्याच पुस्तकात एक मोठी गाळलेली जागा आहे. बेबीताई सगळ्या वस्तीच्या बायकांचा मार सांगतात, स्वतःचा सांगत नाहीत. नवरा आपल्याला मारायचा आणि हे लेखन आपण वीस वर्षं त्याच्यापासून लपवून ठेवलं, हे त्या पुढं मुलाखतीत बोलल्या. त्यांनी घर सोडलं नाही. पण फलटणला त्यांचं लहानसं किराणा दुकान होतं. त्या गल्ल्यावर बसून, पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतला कागद न् कागद वाचत त्या लेखिका झाल्या. दुकानदारीत माझंही आयुष्य गेलं आहे, म्हणून सांगतो: गल्ल्यामागची दोन हात जागा ही कधीकधी घरापेक्षा आपली असते. नवऱ्याचं घर न सोडताही बाईला निघून बसायला एक ठिकाण लागतं. 'जिणं आमुचं' त्या ठिकाणी लिहिलं गेलं, आणि लपवून ठेवलेल्या कागदांत वस्तीचं दुःख मावलं, स्वतःचं मावलं नाही. याला प्रांजळपणाची उणीव म्हणायचं धाडस मी करणार नाही.

समीक्षक जी गोष्ट सोडून देत होते ती चळवळीतल्या बायकांनी मात्र अचूक पकडली होती. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीनं एकट्या बायकांचा प्रश्न हाती घेतला तेव्हा मागणी काय होती? सहानुभूतीची नव्हे. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि राहायला जागा. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. त्या लढ्याचं निशा शिवूरकर यांनी लिहिलेलं पुस्तक 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या नावाचं आहे. लढणाऱ्या बायकांनाही शब्द तोच वापरावा लागला, कारण भाषेत दुसरा नव्हता. इथं म्हसवडला 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला होता. तेव्हा चेतना गाला-सिन्हा यांच्याबरोबर त्याच बायका पुन्हा गेल्या, आम्हाला लिहिता येत नसेल पण हिशेब येतो, कितीही व्याज तोंडी काढायला सांगा म्हणाल्या. ही हकीकत आता जगभर सांगितली जाते. मला ती 'सांगत्ये ऐका'च्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. हंसाबाईंकडे नाव होतं, कीर्ती होती. पैसा ठेवायला स्वतःची जागा नव्हती.

आता आत्याचं, जेवढं तिनं सांगितलं तेवढं.

तिचं सासर नदीपलीकडं, आटपाडीच्या बाजूला. नवरा मारायचा, का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती आली 1972 च्या दुष्काळात. विहिरी आटलेल्या, रेशनवर तांबडा मिलो, माणगंगेच्या कोरड्या पात्रातून चालत. बाप, म्हणजे माझा आजा, म्हणाला, चार दिस ऱ्हा, मग पोचवतो. आमच्याकडं नाहीतरी दुसरं वाक्य नसतं. शेजारणींनाही प्रश्न पडलाच. दिवाळी पाडव्यापासून म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या लग्नाची गडबड सुरू होते ती देवदिवाळीच्या रथापर्यंत. नवरा जिवंत आहे पण बाई नांदत नाही, तर देवाच्या हळदीला हिला पुढं घ्यायचं की मागं उभी करायची, यावर खल झाला म्हणे. ती घरीच थांबली.

पण चार दिवसांनी तिला पोचवायला कुणी गेलं नाही, कारण पाचव्या दिवशी ती दुष्काळी कामावर गेली होती. रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं होतं. जो येईल त्याला काम, बाईलाही, आणि दुपारी सुकडी. पगार आठवड्याला, ज्याचं नाव मस्टरवर त्याच्या हातात. त्या दुष्काळानं आमच्या भागातली किती जनावरं मेली, किती घरं मुंबईला गेली, हे मी जाणतो. त्याचे उपकार मानायचं कारण नाही. पण बापाच्या घरात खाऊन वर चार पैसे टाकणारी लेक परत पाठवायची घाई बापालाही राहिली नाही. पुढं रोजगार हमी आली, मग तिनं शेळ्या घेतल्या, मग बाजारात भाजी. चाळीस वर्षं ती त्याच घरात राहिली आणि मी तिला 'टाकलेली' लिहिलं.

कामाच्या पहिल्या दिवशीची गोष्ट ती हसत सांगायची. मुकादम मस्टर लिहायला बसला होता. नाव विचारलं, तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव? आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मागची बाई सांगेल म्हणून मुकादम तिच्याकडं बघत राहिला. आत्यानं आपल्या बापाचं नाव सांगितलं. मुकादम म्हणाला, अगं नवऱ्याचं विचारतोय. ती म्हणाली, "हेच लिव्हा." त्यानं लिहिलं.